साहित्य आणि कलांमधून सांस्कृतिक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने मराठी ग्रंथ, पोवाडे, ओव्या, नाटके आणि चित्रे यांच्या आधाराने आपल्या मुलखातल्या जगण्याचा इतिहास शोधणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर आणि हौशी अभ्यासकांबरोबर मी बरीच वर्षे काम करते आहे. दर वर्षी चेहरे नवे असतात, प्रश्न बहुतेक तेच. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे उदाहरण दाखवल्याशिवाय मुद्दा पोचत नाही.

साहित्यातून सांस्कृतिक इतिहास शोधायचा म्हणजे नेमके काय करायचे?

कोणतीही जुनी रचना हाती आली की तिला दोन प्रश्न विचारायचे. ती काय सांगते आहे, हा पहिला. ते सांगताना तिने काय गृहीत धरले आहे, हा दुसरा. आपल्या कामाचा प्रश्न मुख्यतः दुसरा.

महानुभाव पंथाच्या स्मृतिस्थळ या आठवणींच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. केशिराजबास हे संस्कृतात रचना करणारे विद्वान. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य त्यांना थांबवतात आणि म्हणतात की असे केलेस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे ज्ञानाला मुकतील. प्रसंग गुरूच्या आज्ञेचा आहे आणि सांगणाऱ्याला तेवढेच सांगायचे आहे. पण त्या एका वाक्यातून आपल्याला कितीतरी कळते. या पंथात वयस्क बायकांचा मोठा भरणा होता. ग्रंथ त्यांच्यासाठी होते, त्यांना ते कळणे आवश्यक मानले जात होते आणि ज्ञान त्यांच्यापर्यंत जायचे ते मराठीतून. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या बायकांबद्दल एवढे थेट सांगणारा ताम्रपट मला तरी कुणी दाखवलेला नाही.

दळताना जात्याभोवती थोडे पीठ सांडतेच. रचनेतून असे जे सांडते, त्याला मी ‘सांडलेला पुरावा’ म्हणते. खाली हा शब्द पुन्हा पुन्हा येईल.

कवी कल्पना करतो, अतिशयोक्ती करतो. मग त्याचे बोलणे पुरावा कसे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. सिंहगडाचा पोवाडा घेऊ.

तुळसीदास शाहिराच्या नावावरचा तानाजी मालुसऱ्यांचा पोवाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. आज आपण जो पाठ वाचतो तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाणाऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेला. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली छापला गेला. गडावरचा हल्ला फेब्रुवारी १६७० मधला. म्हणजे घटना आणि छापील शब्द यांच्यामध्ये दोनशेहून अधिक वर्षांचे गाणे आहे. लढाईचा तपशील, माणसांची संख्या, घोरपडीची गोष्ट, यांसाठी या पोवाड्यावर विसंबता येत नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ आणि म्हणून गडाचे नाव सिंहगड पडले, हेही टिकत नाही. तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधीच्या, १६६३ सालच्या पत्रात सिंहगड हे नाव आलेले आहे.

इथे पुष्कळ जण पोवाडा मिटून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. त्याच पोवाड्यात जिजाबाई आणि शिवाजी महाराज सारीपाट खेळतात, महाराज हरतात आणि आई डावात सिंहगड मागते. असा डाव खरोखर झाला असे मी म्हणत नाही. पण गावच्या चावडीवर बसलेल्या श्रोत्यांना आई आणि कर्ता मुलगा पट मांडून बसणे अगदी स्वाभाविक वाटत होते. आईने शब्द टाकावा आणि मुलाने तो झेलावा, यावर त्यांचा जीव जडलेला होता. राज्याचा सर्वांत मोठा निर्णय घराच्या ओसरीवर होतो, अशी त्यांची समजूत होती. इतकी वर्षे हे गाणे कुणी आणि कशासाठी जपले, याचे उत्तर तिथे आहे. १६७० च्या लढाईबद्दल तो पोवाडा कच्चा साक्षीदार आहे. तो गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या समाजाबद्दल मात्र पक्का आहे.

कोणत्या प्रश्नासाठी कोणता साक्षीदार बोलवायचा, एवढेच नीट ठरवायचे.

म्हणजे सगळेच पोवाडे आणि बखरी उशिराच्या आणि संशयास्पद असतात का?

नाही, सरसकट तसे म्हणू नये. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा घटनेच्या अगदी जवळचा, १६५९ च्या आगेमागेचा मानला जातो. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ मध्ये जिंजीला लिहिली गेली. महाराज जाऊन तेव्हा सतराच वर्षे झाली होती आणि लिहिणाऱ्याने तो दरबार स्वतः पाहिलेला होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक बखरींना ही जवळीक नाही. म्हणून प्रत्येक रचनेबाबत तीन गोष्टी आधी लिहून काढाव्यात: घटना कधीची, रचना कधीची, हाती असलेली प्रत कधीची. या तिन्ही तारखा एकच समजण्याची चूक फार होते.

शिवाय तोच आकृतिबंध पुढे वेगळ्या कामाला लागतो. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि त्यात महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. सतराव्या शतकाच्या माहितीसाठी तो वाचू नये. १८६९ साली शेतकरी समाजाला स्वतःचा राजा कसा हवा होता, हे समजून घेण्यासाठी मात्र त्याच्याइतका चांगला कागद मिळणार नाही.

एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींत फरक का असतो? खरी प्रत कोणती धरायची?

फरक असतो कारण ग्रंथ हाताने उतरवले जात, पाठ केले जात, गायले जात. पाठभेदाला अडचण समजू नका. त्यातही पुरावा सांडलेला असतो.

ज्ञानेश्वरी १२९० ची. एकनाथांनी पैठणला तिची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. मधे जवळजवळ तीनशे वर्षे. नाथ शेवटी म्हणतात की ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरात तो बिघडला, म्हणून शोधून शुद्ध केला. आणि मग बजावतात:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. अमृताच्या ताटात करवंटी आणून ठेवू नका, अशी ताकीद. आता विचार करा, ताकीद कधी द्यावी लागते? लोक तसे करत असतात तेव्हा. म्हणजे सोळाव्या शतकात ज्ञानेश्वरी म्हणताना पदरच्या ओव्या घालणारे पुष्कळ होते. ग्रंथ लोकांच्या इतका तोंडी बसला होता की तो आपलाच वाटून ते त्यात भर घालत. नाथांना याचा त्रास झाला असेल. मला मात्र त्या अनाम भर घालणाऱ्यांबद्दल माया वाटते.

महानुभावांच्या लीळाचरित्राची कथा याहून बिकट आहे. म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी माणसांना भेटून, पडताळून गोळा केल्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली, आणि म्हणून ‘हिराइसा पाठ’ असे नाव एका बाईच्या स्मरणशक्तीवरून पडलेले आपल्याला दिसते. पुढे पंथाने ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ते वाचताच येत नव्हते. आज नेने, तुळपुळे, कोलते यांची संपादने उपलब्ध आहेत. काम करताना त्यांतले एकच उघडून बसू नका.

गाथासप्तशतीचीही तीच गत. हाल सातवाहनाच्या नावावरचा हा माहाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह, पण वेगवेगळ्या परंपरांतल्या पोथ्या ताडून पाहिल्या तर सगळ्यांत समान अशा गाथा सुमारे ४३० च निघतात. म्हणून ‘सातवाहनकाळी गोदाकाठी अमुक होते’ असे लिहिण्यापूर्वी आपण घेतलेली गाथा त्या समान भागात बसते का, ते पाहावे.

चित्र तर डोळ्यांसमोर असते. ते लेखनापेक्षा भरवशाचे नाही का?

नाही. चित्रालाही तसेच तीन प्रश्न: प्रसंग कधीचा, चित्र कधीचे, काढणारा तिथे होता का.

पुण्याच्या पेशवे दरबाराचे एक प्रसिद्ध तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. १७९० मध्ये इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांशी तह करतो आहे, असा प्रसंग. सवाई माधवराव, नाना फडणवीस, मुत्सद्दी, पगड्या, सगळे त्यात आहे आणि पुस्तकांत ते ‘पेशवे दरबार असा होता’ म्हणून छापले जाते. पण त्यावर सही आहे थॉमस डॅनियलची आणि साल आहे १८०५. डॅनियलने ते इंग्लंडात बसून पुरे केले. आधार होता जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा, आणि वेल्स १७९५ मध्ये वारला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेल्स हिंदुस्थानात उतरला तोच १७९१ मध्ये. ज्या दिवसाचे हे चित्र, त्या दिवशी दोघांपैकी एकही चित्रकार पुण्यात नव्हता.

मग ते फेकून द्यायचे का? पुन्हा तेच. वेल्सने पुण्यात येऊन माणसे समोर बसवून रेखाटली, म्हणून चेहरे आणि पगड्यांचे घाट यांना मोल आहे. प्रसंगाची मांडणी मात्र मॅलेटला आपली कामगिरी कशी आठवली जावी असे वाटत होते, त्याची साक्ष देते.

याच वेळी पुण्यात गंगाराम तांबट नावाचा कारागीर मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी काम करत होता. त्याने वेरूळची लेणी रेखाटली. १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ही चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तो गेंडा जरूर पाहा. कातडीच्या घड्या, त्यांवरचे उठाव, मान खाली घातलेली. तांब्यावर ठोके देणाऱ्या घराण्यातल्या माणसाचा हात त्यात दिसतो, असे मला प्रत्येक वेळी वाटते. पेशवाईतल्या कलावंताबद्दल बोलताना दरबाराच्या त्या भव्य चित्राऐवजी हा गेंडा आधी दाखवावा.

अजिंठ्याच्या चित्रांच्या जुन्या प्रतिकृतींचा अभ्यासाला काही उपयोग आहे का?

फार आहे, कारण मूळ रंग दर पिढीत कमी होत गेले. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी लेण्यात पोचला आणि दहाव्या लेण्यात चित्रावरच आपले नाव कोरून गेला. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे तिथे राहून प्रतिकृती काढत होता. त्यांतल्या बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून काम पुन्हा उभे केले, आणि त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. उरलेल्यांवरून त्यांचा ग्रंथ झाला.

प्रतिकृती वापरताना ती काढणारा कोणत्या चित्रशाळेत शिकला हे ध्यानात ठेवा. एकोणिसाव्या शतकात शिकलेला हात पाचव्या शतकातला चेहरा काढताना स्वतःची वळणे त्यात सोडून जातो.

चित्रकथी म्हणजे लोककला. तिच्यावर संशोधन कसे करणार?

कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजातल्या काही घरांनी ही परंपरा सांभाळली आहे. तिचे काम करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. चित्रांच्या गठ्ठ्याला तिथे ‘पोथी’ म्हणतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. सांगणारा एक बाजू दाखवतो, वीणा-टाळ-हुडूक यांच्या साथीने कथा गातो, मग चित्र उलटतो.

पोथी म्हटले, पण कागदावर कथेचा मजकूर नाही. तो सगळा गाणाऱ्याच्या गळ्यात. म्हणून संग्रहालयातल्या काचेमागची चित्रकथी हा निम्माच पुरावा आहे. शहरात हीच चित्रे बराच काळ ‘पैठणी चित्रे’ म्हणून ओळखली गेली, कारण संग्राहकांना ती पैठण भागात मिळाली. वस्तू जिथे सापडली त्या गावाचे नाव तिला चिकटणे हे कला-इतिहासात वारंवार घडते. म्हणून नावावरून मूळ ठरवू नका.

बायकांचा इतिहास कुठे शोधायचा? दप्तरांत तर त्या दिसतच नाहीत.

दप्तरांत त्या अगदीच नाहीत असे नाही. वारसाचे तंटे, इनामे, न्यायनिवाडे यांत सापडतात. पण स्वतःच्या शब्दांत बोलतात त्या जात्यावर. ‘दळितां कांडितां तुज गाईन अनंता’ म्हणणाऱ्या जनाबाईपासून अगदी आपल्या आज्यांपर्यंत ही गाण्याची जागा बदललेली नाही.

साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शिस्त लावली. पुढे गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली, आणि त्या आता ‘परी’ या संकेतस्थळावर गाणारणीच्या नावागावासह ऐकता येतात. त्यात सीता आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. एका दळणाच्या गाण्यात रामायण आणि कालपरवाचे राजकारण शेजारी बसते. कोणत्या गावात, कोणत्या समाजातल्या बाईने कुणाचे नाव घेतले, हे लावून पाहिले की लिखित इतिहासात न आलेली उलथापालथ दिसू लागते.

माझ्या आत्याचे सांगते. मुळशीकडच्या तिच्या घरी मी टेपरेकॉर्डर घेऊन गेले तेव्हा गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. जाते कोपऱ्यात पालथ्या पाटीखाली होते. ते धुऊन मांडले, खुंटा ठोकून बसवला, आणि नुसते बसून गा म्हटले तर तिला एक ओवी आठवेना. मूठभर जोंधळे वैरले, जाते फिरू लागले, तशी पहिली ओवी आली. हात थांबला की ओवीही थांबे. शब्द तिच्या डोक्यात नव्हते, ते खांद्यात होते. हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

आणि माझी चूक अशी झाली की ओवी संपून ती शेजारच्या काकूंशी बोलू लागली की मी टेप बंद करी. कॅसेट वाचवायची म्हणून. त्या बोलण्यात कोणती ओवी कुणाच्या सासूला टोमणा होती, कोणती एका वारलेल्या बहिणीसाठी होती, हे सारे होते. माझ्याकडे आज ओव्या आहेत आणि ते बोलणे नाही. आत्याही नाही.

मग ओव्या, गाणी, आठवणी नोंदवताना काय काळजी घ्यावी?

टेप, आता मोबाइल, बंद करू नका. ही पहिली गोष्ट. सुरुवातीला आपल्याच आवाजात तारीख, गाव, गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, वय, माहेरचे गाव बोलून ठेवा. बायकांच्या गाण्यात माहेर फार महत्त्वाचे, कारण ओवी लग्नाबरोबर गाव बदलते. शब्द उतरवताना बोली सुधारू नका. ‘व्हता’ असेल तर ‘होता’ करू नका. त्या उच्चारावरून गाणे कुठून कुठे आले ते सांगता येते. नाव छापायचे का, हे गाणाऱ्या व्यक्तीला विचारा आणि ती नको म्हणाली तर छापू नका.

मराठी नाटक १८४३ ला सुरू झाले असे शिकलो. ते बरोबर आहे ना?

सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीता-स्वयंवराचा खेळ केला, हे बरोबर. पण तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी त्याच्या दीडशे वर्षे आधी मराठी नाटके लिहिली जात होती. शहाजीराजांचे (राज्यकाळ १६८४ ते १७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ त्यांतले. हस्तलिखिते तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. याच राजाच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक आहे. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलल्या जातात. सांडलेला पुरावा पाहा: तंजावरच्या प्रेक्षकाला पाचही भाषा थोड्याफार कळत होत्या, नाहीतर गंमत कुणाला आली असती?

‘सुरुवात कधी’ हा प्रश्न मला फारसा फलदायी वाटत नाही. कोणता मुलूख मोजायचा यावर त्याचे उत्तर बदलते.

नाटकांनी समाज बदलला असे म्हणता येईल का?

जपून. देवलांचे ‘शारदा’ १८९९ चे, जरठ-बालाविवाहावरचे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि तो या नाटकावरून, असा समज अजून ऐकू येतो. कायद्याचे ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडांवरून आले. पण मराठी माणसाने ‘सारडा’चे ‘शारदा’ इतक्या सहज केले, यातच नाटकाची खूण आहे.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ची गोष्ट अधिक ठोस आहे. महाभारतातली कथा, १९०७ साल, आणि कीचकात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसतो हे प्रेक्षकांनी ओळखले. सरकारनेही ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. प्रेक्षकांना काय समजले हे शोधणे एरवी अवघड असते. इथे ते सरकारी कागदानेच नोंदवून ठेवले आहे. बंदीचे हुकूम आणि पोलीस अहवाल हे साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावेत.

गोव्यातले ख्रिस्तपुराण मराठी सांस्कृतिक इतिहासात कुठे बसते?

अगदी मध्यभागी, असे माझे मत आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने जवळपास अकरा हजार ओव्यांचे पुराण मराठीत रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणे ऐकण्याची मनाई होती. पण संध्याकाळी कुणीतरी ओवी म्हणावी आणि आपण ऐकत बसावे, ही सवय धर्माबरोबर सुटली नाही. स्टीफन्सने तीच जागा भरली. स्वर्गासाठी तो ‘वैकुंठ’ हा शब्द वापरतो. श्रोत्यांचे मन कोणत्या शब्दांनी घडलेले होते, हे त्या एका शब्दाने कळते.

या अभ्यासात जातीचा विचार कुठे येतो?

पहिल्या पानापासून. कोणी रचले, कोणी गायले, कोणी लिहून ठेवले आणि कोणी पैसे दिले, ही बहुधा चार वेगळी माणसे असतात. उत्तर पेशवाईतले लावणीकार पाहा. रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ शिकलगार मुसलमान. फडावर मात्र नाचणाऱ्या बायका आणि ढोलकी वाजवणारे हात बहुतांशी दलित आणि भटक्या समाजांचे. रचनाकारांची नावे आपल्याला पाठ आहेत. नाचणारीचे एकही नाव बहुतेकांना सांगता येत नाही.

पुढे तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधकांनी जलसे उभे केले, त्यात गणपतीच्या जागी नवे वंदन आले. मग आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी, ती वाट पुढे नेली. गण, गवळण, फार्स अशा जुन्या पायऱ्यांत कोठे काय बदलले हे ओळीओळीने लावून पाहणे हा एक उत्तम प्रबंधविषय आहे, आणि तो कुणीतरी घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे.

मोडी शिकावीच लागते का?

सतराव्या ते एकोणिसाव्या शतकावर काम करायचे असेल तर हो. पोथ्या बहुधा बाळबोधात, म्हणजे देवनागरीत असतात, पण त्या पोथीचा खर्च, कीर्तनकाराला दिलेले धोतरजोडी-पागोटे, चित्रकाराची मजुरी, हे सगळे मोडीत आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर त्यातून निवडक ४५ भाग छापले, तो राजकारणाकडे झुकलेला निवडीचा भाग. नाच-गाणे-सण-पंगतींचे कागद अजून पुष्कळसे बांधलेलेच आहेत. रोज अर्धा तास दिला तर दोनतीन महिन्यांत मोडी अक्षरे ओळखीची होतात. हात बसायला वर्ष लागते.

कुठे जाऊन वाचावे?

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (१९१७). धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचे. वस्तूंसाठी राजा दिनकर केळकर संग्रहालय. भिंतीवरची चित्रे पाहायची तर मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि चांदवडचा रंगमहाल. दक्षिणेत तंजावर, तिथे बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी इतिहासही आहे. वाचायला बसण्यापूर्वी रा. चिं. ढेरे यांचे कोणतेही एक पुस्तक घ्या. दैवत, शिल्प, स्थळनाव आणि लोकगीत एकत्र कसे वाचायचे, हे त्यांच्याकडून शिकावे.

माझ्याकडे पदवी नाही, पण घरात जुनी वही आहे. काही करता येईल का?

जरूर. आजीची गाण्यांची वही, भजनी मंडळाचे हस्तलिखित, देव्हाऱ्यामागचे रविवर्मा छापखान्याचे चित्र, काहीही चालेल. (तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला गेला. आपल्या घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीला आजचा चेहरा त्याने दिला, म्हणून ते फाटके चित्रही टाकू नका.) वहीला सेलोटेप लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, स्वच्छ सुती कापडात ठेवा. सर्व पानांचे फोटो काढा, कोरी पानेही आणि पुठ्ठ्याची आतली बाजूही, कारण दूधवाल्याचा हिशेब बहुधा तिथेच लिहिलेला असतो. वही कुणाची, कोणत्या गावची, तुमच्यापर्यंत कशी आली, हे एका वेगळ्या कागदावर लिहून खाली तारीख घाला. घरात ते सांगणारे जुने माणूस असेल तर हे काम या रविवारीच करा.